टेबल की वेदी: पहिल्या चार्ल्सचा काळ अभ्यासायला घेताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी डिसर्टेशनचे विषय ठरत होते. वर्गातल्या मैत्रिणींनी पेशवे दप्तर, सत्यशोधक समाज, गिरणी कामगार असे विषय घेतले आणि मी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सची चर्चविषयक धोरणं घेतली. तेव्हापासून हा विषय माझ्याबरोबर आहे; आधी पुण्यात, मग वर्षभर एडिनबरात, आता नोकरी सांभाळून. दर जून-जुलैत एक-दोन मुलांचे फोन येतात, "ताई, हा काळ घ्यायचाय, सुरुवात कुठून करू?" फोनवर सांगून पुरत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते. पहिला सिनॉप्सिस मी 'इंग्लंडमधील यादवी युद्धाची धार्मिक कारणे' या नावाने दिला. गाइडनी तो परत केला तेव्हा वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक प्रश्न लिहिलेला होता: 'राजाने पहिलं सैन्य कोणावर पाठवलं?' उत्तर शोधायला मला दोन दिवस लागले आणि ते सापडल्यावर सगळा सिनॉप्सिस नव्याने लिहावा लागला. इंग्लंडमध्ये युद्ध पेटलं ते १६४२ साली. पण चार्ल्स आपल्याच स्कॉटलंडवर चालून गेला तो १६३९ मध्ये, आणि आयर्लंडमध्ये बंड झालं ऑक्टोबर १६४१ मध्ये. म्हणजे इंग्लंडची पाळी तिसरी. आपल्याकडे हा काळ 'राजा विरुद्ध पार्लमेंट' असा शिकलेला असतो, त्यामुळे नवा माणूस हमखास लंडनमध्ये जाऊन बसतो आणि तिथून हलतच नाही.

तर पाया असा. १६०३ पासून इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड यांचा राजा एक, पण राज्यं तीन. प्रत्येकाचं पार्लमेंट वेगळं, कायदे वेगळे आणि चर्चही वेगळं. इंग्लंडच्या चर्चमध्ये बिशप होते आणि छापील प्रार्थनापुस्तक होतं. स्कॉटलंडच्या चर्चला 'कर्क' म्हणतात. तिथे कारभार पाळक आणि वडील (म्हणजे मंडळीतले निवडलेले ज्येष्ठ) यांच्या सभांचा. चार्ल्सच्या वडिलांनी, जेम्सने, तिथे बिशप पुन्हा आणून बसवले होते, पण सभा मोडल्या नव्हत्या. आयर्लंडमध्ये सरकारी चर्च प्रोटेस्टंट आणि बहुसंख्य प्रजा कॅथलिक. त्यात उत्तरेला अल्स्टरमध्ये स्कॉटलंडहून येऊन वसलेले लोक. १६२५ मध्ये गादीवर आलेल्या चार्ल्सला ही तिन्ही चर्चं एका वळणावर आणायची होती. १६३३ हे साल वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. त्या वर्षी जूनमध्ये एडिनबरात त्याचा स्कॉटिश राज्याभिषेक झाला, तोही इंग्लिश पद्धतीच्या विधींनी. ऑगस्टमध्ये विल्यम लॉड कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याच वर्षी टॉमस वेंटवर्थ राजाचा प्रतिनिधी म्हणून डब्लिनला पोचला.

आता शब्दांकडे येते, कारण मराठीत विचार करणाऱ्याला इथे एक सोय आहे जी मला फार उशिरा कळली. माझं माहेर नगरचं. आमच्या गल्लीत एक निवृत्त पाळक राहत, सगळे त्यांना पाळककाका म्हणत. मी 'ऑल्टर' या शब्दावर अडले होते. मराठीत सरळ 'वेदी' लिहीत होते. काका म्हणाले, "थांब. टेबलावर जेवतात, वेदीवर बळी देतात. आमच्या मंडळीत प्रभुभोजन होतं, ते टेबलावर." त्या एका वाक्याने मला इंग्लंडचा सगळा वाद उलगडला. लॉडच्या पक्षाला चर्चमधलं टेबल हलवून वेदीसारखं मांडायचं होतं, आणि प्युरिटन, म्हणजे चर्चमधले उरलेसुरले कॅथलिक विधी काढून टाकू पाहणारे प्रोटेस्टंट, त्याला विरोध करत. त्यांचं म्हणणं नेमकं हेच होतं: टेबल उचलून पूर्वेच्या भिंतीला लावलं, त्याला कठडा घातला आणि त्यापुढे गुडघे टेकायला लावले, की प्रभुभोजनाची, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याची जागा कॅथलिक मिस्सा घेणार, जिच्यात बळीची कल्पना आहे. नगरच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल परंपरेच्या. ही परंपरा जाते थेट मॅसॅच्युसेट्सला, लॉडच्या अमदानीत इंग्लंड सोडून गेलेल्या प्युरिटनांपर्यंत. १९७० मध्ये नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि या मंडळ्यांना बिशप मिळाले. बिशप असावा की नसावा यावर तेव्हा झालेल्या चर्चा काकांनी ऐकल्या होत्या. तुमच्या ओळखीत कुणी पाळक, वडील, किंवा वसईकडचं मिस्साला जाणारं घर असेल तर आधी त्यांच्याशी बोला. मंडळी, वडील, दशमांश, करार हे शब्द त्यांच्या तोंडी रोजचे असतात.

माझा सल्ला असा, की एक वस्तू धरा आणि तिचा माग काढा. मी टेबल धरलं. लॉडच्या पक्षाची बाजूही नीट समजून घ्या, कारण ती पोकळ नव्हती. गावोगावच्या चर्चमध्ये टेबल मध्ये कुठेतरी असायचं. लोक त्यावर टोप्या ठेवत, हिशेब मांडत, पोरं त्यावर लिहायला बसत. पवित्र जागेची अशी आबाळ लॉडला सहन होत नव्हती. नॉरिचचा बिशप मॅथ्यू रेन याने १६३६ मध्ये विचारलेल्या प्रश्नांत कठड्याचे खांब इतके जवळ हवेत की कुत्री आत शिरता कामा नयेत, असा तपशील आहे. म्हणजे कुत्री शिरत होती. हे वाचलं तेव्हा मला लॉड पहिल्यांदा माणूस वाटला. पण हा नियम आला वरून, बिशपांच्या तपासणीतून; ज्या मंडळीने पिढ्यान्‌पिढ्या टेबलाभोवती जमून भाकरी घेतली तिला कुणी विचारलं नाही, उलट कठड्याचा खर्च तिच्याच माथी आला. १६४० मध्ये स्कॉटलंडशी लढायला जबरदस्तीने भरती केलेले इंग्लिश शिपाई वाटेतल्या चर्चमध्ये घुसले आणि कठडे उपटून त्यांनी जाळले. राग कुठे साठला होता हे याहून स्पष्ट कुठल्या कागदात दिसणार?

स्कॉटलंडमध्ये वस्तू बदलते. तिथे पुस्तक आहे. रविवार, २३ जुलै १६३७, एडिनबराचं सेंट जाइल्स. डीन जेम्स हॅने नवं प्रार्थनापुस्तक उघडून वाचू लागला आणि बायकांनी आरडाओरडा सुरू केला. मालकिणीसाठी जागा धरून बसणाऱ्या मोलकरणी घडीची स्टुलं घेऊन येत. तीच स्टुलं हवेत उडाली. पहिलं स्टूल जेनी गेडिसने फेकलं असं सांगतात, पण त्या दिवसाच्या जवळच्या कागदांत हे नाव येत नाही, तेव्हा लिहिताना 'परंपरेनुसार' हा शब्द जरूर घाला. पुस्तकात राजाने स्कॉटिश लोकांना काही सवलतीही दिल्या होत्या. 'प्रीस्ट' खोडून 'प्रेस्बिटर' घातलं होतं. तरी उपयोग झाला नाही, कारण ते ना पार्लमेंटपुढे आलं, ना कर्कच्या महासभेपुढे. महासभा १६१८ नंतर भरलेलीच नव्हती. राजाच्या हुकमाने छापलं, राजाच्या हुकमाने वाचायचं.

पुढच्या वर्षी, २८ फेब्रुवारी १६३८ ला, एडिनबराच्या ग्रेफ्रायर्स चर्चमध्ये नॅशनल कॉव्हेनंटवर, म्हणजे राजाने धर्मात आणलेल्या नव्या गोष्टींना विरोध करणाऱ्या करारावर, सह्या सुरू झाल्या. मसुदा पाळक अलेक्झांडर हेंडरसन आणि वकील आर्चिबाल्ड जॉन्स्टन यांचा. 'जुना करार', 'नवा करार' यातला करार तोच हा, देवाशी केलेला. एडिनबरात त्याची एक प्रत मी काचेमागे पाहिली. मजकूर बारीक, आणि सह्या आधी ओळीने, मग कडेला, मग जागा संपली म्हणून आडव्या. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या वतीने नोटरी सही करत. मी तिथे बराच वेळ उभी होते. आणि एक गोष्ट नव्याने शिकणाऱ्याला चकवते: या करारात राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ आहे. १६४१ मध्ये आयर्लंडचे कॅथलिक बंडखोरही राजाचं नाव घेतात. फेलिम ओ'नीलने तर राजाचा म्हणून खोटा हुकूमनामा दाखवला. इंग्लंडचं पार्लमेंटही 'राजा आणि पार्लमेंट' यांच्या नावाने सैन्य उभं करतं. तिन्हीकडे तक्रार राजाच्या कारभाराची आणि बोट मात्र वाईट सल्लागारांकडे. ही भाषा खरी किती आणि सावधपणाची किती, यावर एक अख्खं प्रकरण लिहिता येईल. व्हायवात मला यावरच सर्वांत जास्त प्रश्न आले.

व्यवहाराच्या काही गोष्टी. तारखांची चूक सगळेच करतात. इंग्लंडमध्ये तेव्हा नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, स्कॉटलंडने मात्र १६०० पासून १ जानेवारी धरला होता. त्यामुळे कॉव्हेनंटचा तो फेब्रुवारी एडिनबरात १६३८ चा आणि लंडनच्या कागदात १६३७ चा. लॉडचा शिरच्छेद १० जानेवारी १६४५ ला झाला, त्या काळच्या इंग्लिश नोंदीत तुम्हाला १६४४ दिसेल. माझं एक आख्खं कोष्टक यामुळे चुकलं होतं. पैशांचंही तसंच: स्कॉटलंडचे १२ पौंड म्हणजे इंग्लंडचा १ पौंड. रकमेपुढे कुठला पौंड हे लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हस्ताक्षराला घाबरू नका. त्या काळची 'सेक्रेटरी' लिपी पहिल्या दिवशी मुंग्यांची रांग वाटते. ज्यांनी मोडी शिकली आहे त्यांना मी नेहमी सांगते, की तुमचं निम्मं काम झालंय. एकेक अक्षर न लावता शब्दाच्या अंगाने वाचायची सवय डोळ्यांना लागलेली असते. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे या लिपीचे धडे ऑनलाइन आहेत. कॉमन्स सभागृहाची जर्नल्स ब्रिटिश हिस्टरी ऑनलाइनवर आणि स्कॉटिश पार्लमेंटचे कागद त्यांच्या स्वतंत्र संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. व्हिसा आणि विमानाच्या तिकिटाशिवाय चांगलं डिसर्टेशन होतं, माझं पहिलं तसंच झालं.

राहिलं आयर्लंड. बहुतेक जण ते शेवटच्या दोन पानांत उरकतात आणि तिथेच फसतात, कारण एकाच धोरणाने इथे तीन वेगवेगळे राग पेटवले. १६३४ मध्ये वेंटवर्थ आणि डेरीचा बिशप जॉन ब्रॅमहॉल यांनी आयरिश चर्चला इंग्लंडचे ३९ धर्मनियम घ्यायला लावले. अल्स्टरमधल्या स्कॉटिश वळणाच्या पाळकांची पदं गेली. त्यांतले काही १६३६ मध्ये 'ईगल विंग' नावाच्या जहाजातून अमेरिकेला निघाले आणि वादळाने परत आले. १६३९ मध्ये कॉव्हेनंटशी संबंध नाही अशी शपथ अल्स्टरच्या स्कॉटिश लोकांवर लादली. लोक तिला 'काळी शपथ' म्हणत. कॅथलिकांचा राग वेगळा. टेबल कुठे ठेवलं याच्याशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. त्यांनी १६२८ मध्ये १,२०,००० पौंड देण्याच्या बदल्यात सवलतींची हमी घेतली होती. वेंटवर्थने पैसे घेतले, महत्त्वाच्या सवलती दिल्या नाहीत, वर पश्चिम आयर्लंडमधल्या कॉनॉट प्रांतातल्या जमिनींवर डोळा ठेवला. पुढे १६४० मध्ये स्कॉटिश सैन्य न्यूकासल घेऊन बसलं, रोज ८५० पौंड वसूल करू लागलं आणि लंडनमध्ये प्युरिटनांचा जोर वाढला, तेव्हा आता आपला नंबर ही भीती त्यात मिसळली. १६४१ च्या बंडानंतर प्रोटेस्टंटांनी दिलेल्या सुमारे ८,००० जबान्या डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजकडे आहेत आणि त्या मोकळ्या वाचता येतात. वाचताना दोन गोष्टी वेगळ्या वहीत लिहा: साक्षीदाराने स्वतः पाहिलेलं आणि त्याने ऐकलेलं. सलग वाचू नका. काही जबान्यांनंतर मला झोप लागली नव्हती.

तिसरा राग खुद्द प्रोटेस्टंट जमीनदारांचा, आणि इथे टेबलाच्या जोडीला दुसरा धागा येतो: चर्चच्या जमिनी. धर्मसुधारणेच्या काळात सरदारांकडे गेलेल्या जमिनी चार्ल्सला परत हव्या होत्या. स्कॉटलंडमध्ये १६२५ च्या हुकमानेच त्याने सरदारवर्गाच्या पोटात गोळा आणला होता. आयर्लंडमध्ये ते काम वेंटवर्थने केलं. कॉर्कचा अर्ल रिचर्ड बॉइल याच्यावर चर्चच्या मालमत्तेवरून १५,००० पौंडांचा दंड बसला. त्याच बॉइलने डब्लिनच्या सेंट पॅट्रिक कथीड्रलमध्ये, पूर्वी जिथे वेदी होती त्या टोकाला, बायकोसाठी भली मोठी कबर बांधली होती. लॉडला ते खपलं नाही. वेंटवर्थने ती उतरवायला लावली आणि मिठाई भरावी तशी खोक्यांत भरली, असं लॉडला कळवलं. १६४१ मध्ये वेंटवर्थवर खटला चालला तेव्हा साक्ष द्यायला बॉइल लंडनला हजर होता.

ती कबर आज कथीड्रलच्या पश्चिम दाराजवळ आहे, रंगवलेली, मजल्यांवर मजले चढवलेली. खालच्या ओळीत एक लहान मूल आहे. ते म्हणजे रॉबर्ट बॉइल, अकरावीला आपण ज्याचा वायूंचा नियम पाठ करतो तो, असं मानतात. डब्लिनला जाणं झालंच तर आत शिरल्या शिरल्या तिच्यापुढे थांबू नका. आधी पूर्वेच्या टोकापर्यंत चालत जा, वेदीपाशी उभे राहा आणि मग मागे वळून बघा, ती कुठून उचलली आणि आता कुठे आहे.