शेततळ्यातील जिवाणूंकडून पाणी राखून घेण्याची पद्धत

नागपूरच्या आसपास शेततळ्यात किंवा बोडीत रोहू, कतला, पंगस पाळणारे बहुतेक जण पाणी बिघडले की जिवाणूंची बाटली विकत आणतात. वास्तविक उपयोगी जिवाणू तळ्यात आधीपासूनच असतात; त्यांना लागणारा प्राणवायू आणि चुना मिळत नाही, एवढीच बहुधा अडचण असते.

प्रथम हिशेब समजून घ्यावा. 30 टक्के प्रथिने असलेल्या 10 किलो खाद्यात सुमारे 480 ग्रॅम नायट्रोजन असतो आणि त्यातील साधारण तीन चतुर्थांश, म्हणजे 350 ग्रॅमच्या आसपास, माशाच्या अंगी न लागता पाण्यात आणि गाळात जातो. त्याचा अमोनिया होतो, नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरा व नायट्रोबॅक्टर त्याचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हा सगळा नायट्रोजन या मार्गाने गेला असे धरल्यास जिवाणूंना सुमारे 1.6 किलो प्राणवायू आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने 2.5 किलो अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) खर्च करावी लागते. हा खर्च रोजचा आहे, आणि बाटलीतून तो भरून निघत नाही.

म्हणून अल्कलिनिटी लिटरमागे 75 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये. ती घटल्यास शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, हप्त्याहप्त्याने टाकावी. मासे असलेल्या तळ्यात कळीचा चुना मात्र टाकू नये. त्याने सामू (pH) एकदम चढतो आणि अमोनियाचे विषारी रूप वाढते: 30 अंश तापमानाला सामू 7 असताना एकूण अमोनियापैकी एक टक्काही विषारी नसतो, 8 ला सात-आठ टक्के असतो आणि 9 ला तो 45 टक्क्यांच्या घरात जातो. हिरव्यागार पाण्यात शेवाळामुळे सामू दुपारनंतर आपोआप चढतो, त्यामुळे सकाळी बिनधोक दिसणारा आकडा मे महिन्यात दुपारी चार वाजता घातक ठरू शकतो. अमोनिया आणि सामू एकाच वेळी, दुपारी उशिरा मोजावेत. प्राणवायू मात्र पहाटे मोजावा, कारण तो तेव्हाच सर्वांत कमी असतो; लिटरमागे 4 मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) चालवावा आणि त्या दिवशी खाद्य बंद ठेवावे.

पावसाळ्यात नव्याने भरलेल्या, विशेषतः प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात नायट्रीकरण करणारे, म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे, जिवाणू स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोवर खाद्य थोडेच द्यावे. या काळात आधी अमोनिया आणि मग नायट्राइट वाढते. नायट्राइट फार वाढल्यास माशाचे कल्ले उचलून पाहिल्यावर रक्त लालऐवजी तपकिरी दिसते. अशा वेळी साधे मीठ उपयोगी पडते, कारण त्यातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

एक चूक मी स्वतः केली आहे. अंगावर जखमा असलेले चार-सहा मासे दिसताच मी तळ्यात ब्लीचिंग पावडर ओतली. जखमा करणारा एरोमोनास जिवाणू त्याने काही काळ दबला असेल, पण नायट्रीकरण करणारे जिवाणूही मेले. त्यांची वाढ संथ, इतरांची झपाट्याची. पुढच्या आठवड्यात अमोनिया वाढून परीक्षण संचातील नळीचा पिवळा रंग गडद हिरवा झाला आणि मासे तोंड वर काढू लागले. एरोमोनास तळ्यात नेहमीच असतो, तो दुबळ्या माशाला धरतो. म्हणून औषधाआधी पाणी तपासावे. कोकणातील कोळंबीच्या खाऱ्या तळ्यांत व्हिब्रिओ या जिवाणूची गतही बरीचशी अशीच आहे.

गूळ किंवा मळी टाकून अमोनिया उतरवण्याची पद्धत खरी आहे. लिटरमागे 1 मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनसाठी सुमारे 20 मिलिग्रॅम कर्बोदके लागतात. ती खाऊन जिवाणू अमोनिया आपल्या शरीरात घेतात. पण हे जिवाणू प्राणवायूही तितक्याच हावरेपणाने ओढतात, त्यामुळे ज्यांच्याकडे रात्रभर चालणारा एअरेटर आणि भरवशाची वीज नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

गाळाची परीक्षा पंधरवड्याला करावी. खाद्य टाकण्याच्या जागेखालील गाळ मूठभर काढून हुंगावा. तो काळा असून कुजक्या अंड्यासारखा वास आल्यास तेथे हायड्रोजन सल्फाइड तयार झालेला आहे. तो गाळ ढवळू नये, खाद्याची जागा बदलावी आणि तळे उन्हाळ्यात रिकामे झाल्यावर भेगा पडेपर्यंत वाळवावे. आपल्याकडचे ऊन एवढ्या एका कामाला फार चांगले आहे.