जीडीपी जोरात वाढतोय? मग आधी हे चेक करा

एखाद्या देशाचा ग्रोथ रेट बघून तिथल्या फंडात पैसे टाकायचा विचार असेल तर जरा थांबा, आधी तो ग्रोथ कोणाच्या पैशावर चाललाय ते बघा. तुर्कस्तान घ्या. 2017 मध्ये 7 टक्क्यांच्या वर वाढ, सगळे खुश, पण करंट अकाउंटला, म्हणजे बाहेरच्या देशांशी होणाऱ्या आयात-निर्यात वगैरेच्या हिशोबात, मोठा खड्डा आणि तो भरायला बाहेरचं कर्ज, त्यातही बरंच वर्षभरात फेडायचं किंवा नवं कर्ज काढून फिरवायचं. 2018 च्या सुरुवातीला डॉलरला चारच्या आत असलेला लिरा (तिथलं चलन) ऑगस्टमध्ये सातच्या आसपास गेला आणि सप्टेंबरमध्ये व्याजदर 24 टक्क्यांवर न्यावा लागला.

तर सगळ्यात आधी वर्षभरात फेडायचं विदेशी कर्ज आणि परकीय गंगाजळी (सेंट्रल बँकेकडचा डॉलरसारख्या परकीय चलनांचा साठा) शेजारी शेजारी मांडा. कर्ज जास्त दिसलं की सावध व्हा. गंगाजळीचा वरवरचा आकडा धरू नका हं, तुर्कस्तानच्या आकड्यात बँकांनी सेंट्रल बँकेत ठेवलेले डॉलरही मोजले जातात, ते वजा केले की खरी ताकद कळते. मग करंट अकाउंटची तूट कशाने भरतेय ते बघा, कारखान्यात आलेला पैसा एका रात्रीत पळत नाही, बाँडमधला पळतो. आणि कंपन्यांची कमाई लोकल चलनात अन् कर्ज डॉलरमध्ये असेल तर चलन पडलं की हप्ता आपोआप फुगतो, तिथेच खरी गोची होते. सरकारी कर्ज कमी आहे एवढ्यावर जाऊ नका, तुर्कस्तानचंही कमीच होतं.