गोळी फुटली, पण औषध विरघळले का?

बी. फार्म.च्या पहिल्या सत्रात डोसेज फॉर्मचे (गोळी, कॅप्सूल, सिरप अशा औषधाच्या रूपांचे) वर्गीकरण पाठ करून गुण मिळतात, आणि पाचव्या सत्रात इंडस्ट्रियल फार्मसी (कारखान्यातील औषधनिर्मिती) समोर आली की त्या पाठांतराचा फारसा उपयोग होत नाही, हे नव्या विद्यार्थ्यांना वेळीच सांगायला हवे. डायल्युएंट (आकारमान वाढवणारा), बाइंडर (दाणे बांधणारा), डिसइंटिग्रंट (गोळी फोडणारा), ल्युब्रिकंट (घर्षण कमी करणारा) ही गोळीत औषधाबरोबर घालायच्या जोडघटकांची यादी तुम्हाला येत असेलच, म्हणून ती येथे उलगडत नाही. त्यातील एखादा घटक जास्त झाला तर काय बिघडते, हा प्रश्न मात्र वर्गात क्वचित येतो. वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत नोकरीसाठी गेल्यावर तो हमखास येतो.

मी सर्वाधिक काळ अडकलो ते डिसइंटिग्रेशन (गोळी फुटणे) आणि डिझोल्यूशन (औषध विरघळणे) यांच्या घोळात, म्हणून त्यावर जरा जास्तच लिहितो. इंडियन फार्माकोपिया या औषधांच्या अधिकृत मानकग्रंथानुसार कोटिंग नसलेली साधी गोळी 15 मिनिटांत फुटली पाहिजे. ती त्याआधीच फुटली की प्रॅक्टिकल यशस्वी झाले असे वाटते. परंतु फुटणे म्हणजे गोळीचे कण होऊन ते चाचणी-यंत्राच्या जाळीतून खाली जाणे, एवढेच. त्या कणांतील औषध द्रवात उतरले की नाही, याबद्दल ही चाचणी काहीही सांगत नाही, आणि शरीर शोषून घेते ते विरघळलेले औषध.

मॅग्नेशियम स्टिअरेट हे ल्युब्रिकंट घ्या. ते साधारणपणे 0.25 ते 1 टक्का वापरतात, सर्वांत शेवटी टाकतात आणि थोडाच वेळ मिसळतात, कारण मिसळणे लांबले की या पाणी न धरणाऱ्या भुकटीचा पातळ थर दाण्यांवर पसरत जातो. मग दाण्यांची आपसातली पकड कमी होऊन गोळी मऊ पडते. अशी गोळी वेळेत फुटूही शकते, आणि तरीही कणांना पाणी नीट भिजवू शकत नसल्यामुळे औषध सावकाश विरघळते. फॉर्म्युला तोच, वजने तीच, फक्त मिसळण्याची वेळ वाढलेली. येथे विद्यार्थी घाईघाईने डिसइंटिग्रंट वाढवतात. जी गोळी आधीच फुटते आहे, तिला आणखी फोडून काय साधणार?

जोडघटक ‘निष्क्रिय’ असतात, हे वाक्य असलेल्या आयत्या नोट्स मी तरी कोणाला सुचवणार नाही. 1968 साली ऑस्ट्रेलियात फेनिटॉइन या अपस्मारावरील औषधाच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेटच्या जागी लॅक्टोज वापरले गेले. औषधाची मात्रा बदललेली नसतानाही त्याचे शोषण वाढले आणि रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसली. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘महत्त्वाचे प्रश्न’ वाटणारे वरिष्ठ हे सांगत नाहीत. त्यांच्या प्रॅक्टिकलच्या जर्नलमधून निरीक्षणे उतरवून घेणे तर सरळ नुकसानीचे आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नांदेड-परभणीकडची हवा इतकी कोरडी असते की वेट ग्रॅन्युलेशनचे (भुकटी ओली करून बनवलेले) दाणे सहज गरजेपेक्षा जास्त सुकतात, आणि दाबल्यावर गोळीचा वरचा थर सुटून कॅपिंग होते; पावसाळ्यात ओलावा राहिलेले दाणे पंचाला (गोळी दाबणाऱ्या दांड्याला) चिकटतात. त्यामुळे लॉस ऑन ड्रायिंग (सुकवल्यावर घटणारे वजन) स्वतः मोजा आणि त्या दिवसाचे तापमान व आर्द्रता जर्नलमध्ये नोंदवा, कोणी मागितले नसले तरी. कंपनीत प्रशिक्षणाला गेल्यावर चकचकीत सादरीकरण दाखवणाऱ्या साहेबांपेक्षा कॉम्प्रेशन (गोळ्या दाबण्याच्या) विभागातल्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारी उभे राहा. फिल डेप्थ (साच्यात दाणे भरण्याची खोली) किंचित फिरवली की गोळीचे वजन कसे सरकते, हे त्याला न पाहताही कळते.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्यांना इंग्रजी पुस्तके सुरुवातीला जड जातात, पण त्यामुळे हा विषय हाताबाहेर जात नाही. तिसऱ्या-चौथ्या सत्रातील फिजिकल फार्मास्युटिक्सच्या वह्या रद्दीत देऊ नका. विद्राव्यता आणि पावडरीचा वाहतेपणा पुढे पुन्हा लागतातच. एका वहीत स्वतःच्या भाषेत तक्ता करा: घटक, कमी झाला तर, जास्त झाला तर, आणि कोणाशी पटत नाही. शेवटच्या रकान्यात लॅक्टोजसमोर अमाइन गट असलेली औषधे लिहा, कारण त्यांच्या अभिक्रियेने गोळी तपकिरी पडते. अ‍ॅस्पिरिनसमोर पाणी लिहा. ते ओलाव्यात विघटित होत असल्याने त्याच्यासाठी वेट ग्रॅन्युलेशन का टाळतात, हे मग वेगळे पाठ करावे लागणार नाही.