चूल तासाभरात विझते? जळण रचताना या चुका टाळा

आमच्या खानापूर भागात घरोघरी गॅस आला, तरी आंघोळीचा हंडा अजून न्हाणीतल्या चुलीवरच तापतो. जांबोटी-कणकुंबीकडे पाऊस एकदा लागला की चुलीपुढची जागा कोणी सोडत नाही. आणि तक्रार सगळीकडे एकच: एवढं जळण घातलं, तरी तासाभरात राख.

पहिली चूक म्हणजे तोंडापर्यंत कोंबणं. ही मी कितीतरी वर्षं केली. काटक्या, ढलप्या, झावळ्या, सगळं एकदम आत. दहा मिनिटं नुसता भडका, मग डोळे चुरचुरणारा धूर, मग फुकणी घेऊन मी आणि चूल. एकदा आजी मागे येऊन उभी राहिली. "कशाला एवढं कोंबालास? वारं कुठनं जाणार?" तिनं दोन लाकडं बाहेर ओढली, उरलेल्यांखाली बोटभर फट केली आणि बाजूला झाली. जाळ आपोआप उभा राहिला.

लाकूड तापलं की त्यातून आधी वायू निघतो आणि जाळ होतो तो या वायूचा. हवा मिळाली नाही की तोच धूर होऊन हंड्याच्या बुडाला काजळी धरतो. काटक्या चारी अंगांनी एकदम पेटतात, म्हणून लवकर संपतात. जाड लाकूड वरून आत हळूहळू जळत जातं. म्हणून चूल पेटवायला काटक्या आणि टिकवायला ओंडका.

मी आता असं रचतो: मागच्या भिंतीलगत ऐन किंवा बाभळीचा एक जाड ओंडका, पुढे मनगटाएवढी दोन लाकडं, मध्ये बोटभर अंतर, खाली काटक्या. अंतर त्याहून जास्त झालं तरी फसतं. एकटं लाकूड जवळजवळ नेहमीच विझतं, कारण त्याची धग सगळी बाहेर जाते. दोन लाकडांची पेटती अंगं समोरासमोर असली की एकमेकांना तापवत राहतात. मग फक्त टोकं पुढे सरकवायची. दर पाच मिनिटांनी चिमट्यानं ढोसत बसू नका.

ओल्या लाकडापुढे मात्र कुठलीही रचना चालत नाही. नुकत्याच तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचं असतं. ते २० टक्क्यांच्या खाली यायला हवं, नाहीतर चुलीची बरीच धग पाणी उडवण्यातच जाते. दोन फाळी एकमेकांवर आपटून बघा: सुकी टणकन वाजते, ओली थप्प करते. दिवाळीनंतर फोडून ठेवलेलं जळण मिरगाच्या आत बरंच सुकतं, पण फोडलेलं हवं, कारण साल ओल धरून ठेवते. रास जमिनीवर नको, खाली विटा द्या. वरून ताडपत्री घाला, बाजू उघड्या ठेवा. चारी बाजूंनी प्लॅस्टिक गुंडाळलेली रास आतून घामेजते.

राख रोज सगळी खरवडून काढण्याची हौसही आवरा. दोन बोटं थर राहू दे. रात्री निखारे त्यात पुरले तर सकाळी मूठभर वाळक्या गवतावर चूल धरते. खाली जाळी असलेल्या चुलीत मात्र जाळीखालची राख काढावीच लागते, हवा तिथूनच येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतली 'अस्त्र ओले' (ओले म्हणजे कन्नडात चूल) अशीच जाळी आणि धुराडं असलेली. अशा चुलीत लाकडाचे लहान तुकडे करूनच घाला. लांब ओंडका तोंडाबाहेर राहिला की दार उघडं राहतं आणि गार वारा आत शिरतो.

विस्तव जास्त वेळ टिकावा म्हणून रात्री धुमसती चूल आणि बंद खिडक्या, असं कधीही करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो.

आणि काजूची टरफलं. झपकन पेटतात म्हणून मुलं मूठभर टाकतात, पण त्यातलं तेल कातडी भाजतं, धूर डोळ्यांत झोंबतो. भाकरीच्या चुलीत तर अजिबात नकोत.