शेव्हेलमध्ये ४५४ बसवायच्या आधी

शेव्हरोलेची १९७० ची शेव्हेल मालिबू, आत ३०७ घन इंचाचं साधं व्ही-एट आणि डोक्यात ४५४ घन इंचाचं मोठं इंजिन. मागच्या हिवाळ्यात इथे मिशिगनला माझ्या गॅरेजमध्ये मी हेच केलं आणि एका प्लेटपायी सगळं परत खोलावं लागलं. आता मित्राच्या गाडीचं काम काढलंय म्हणून आधीच लिहून ठेवतोय.

पाने, जॅकस्टँड, हॉइस्ट तुमच्याकडे असणारच. लेव्हलर (हॉइस्टला लटकलेलं इंजिन तिरकं करायचं साधन) मात्र घ्याच, बिग ब्लॉक, म्हणजे ४५४ सारखं मोठ्या ब्लॉकचं इंजिन, तिरकं केल्याशिवाय आत उतरत नाही. बॉनेट काढायच्या आधी बिजागऱ्यांभोवती मार्करने रेघ मारा.

इंजिन घेताना पैसे द्यायच्या आधी कास्टिंग नंबर बघा, ब्लॉकच्या मागच्या टोकाला ड्रायव्हरच्या बाजूला, ट्रान्समिशन लागतं त्या कडेवर असतो. ३९६, ४०२, ४२७, ४५४ बाहेरून सगळी भावंडं वाटतात आणि विकणारा ४५४च म्हणणार.

आता फ्लेक्सप्लेट, म्हणजे क्रँकच्या मागे बसणारी, इंजिन ऑटोमॅटिक ट्रान्समिशनला जोडणारी दातेरी चकती. हे दोनदा वाचा. ३०७ चा क्रँक आतल्या आत बॅलन्स केलेला असतो, ४५४ चा नसतो, त्याचं उरलेलं वजन पुढच्या बॅलन्सरवर (क्रँकच्या पुढच्या टोकावरचं चाक) आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर असतं. आणि गोची अशी की ३०७ ची प्लेट ४५४ च्या क्रँकला गुपचूप बसते, सहाच्या सहा बोल्ट हाताने लागतात, काही अडत नाही. माझं टर्बो ३५० ट्रान्समिशन तेच ठेवलं होतं, प्लेटचे दात चांगले होते, म्हणून मी तीच लावली. गाडी सुरू झाली, आयडलला जरा थरथर, मला वाटलं नवीन माउंट आहेत, बसतील. हायवेवर आरशात मागच्या गाडीचे दोन दिवे चार दिसायला लागले. मग मी यू-जॉइंट बदलले, कार्ब्युरेटर खोललं, टायर बॅलन्स करून आणले, दीड महिना गेला, शेवटी ट्रान्समिशन खाली उतरवलं आणि प्लेट हातात घेतली तर सगळीकडे सारखी, गुळगुळीत. ४५४ च्या प्लेटवर एका बाजूला लोखंडाचा जाड तुकडा वेल्ड केलेला असतो, न शोधता दिसतो. तो दिसला नाही तर बोल्टला हात लावू नका. उलटंही तितकंच खरं, ३९६, ४०२ किंवा ४२७ निघालं तर ही वजनवाली प्लेट चालणार नाही. आणि इंजिन आधी कोणी रीबिल्ड केलेलं असेल तर क्रँक कसा बॅलन्स केलाय ते मशीन शॉपला तोंडी नाही, लिहून मागा. पुढचा बॅलन्सरही ४५४ चाच हवा, दोन्ही जोडीने.

प्लेट घेताना दातही मोजा. १५३ आणि १६८ अशा दोन येतात आणि स्टार्टर त्याप्रमाणे बदलतो, १५३ ला स्टार्टरचे बोल्ट सरळ रेषेत, १६८ ला तिरके.

जागेची काळजी नको, १९७० मध्ये कंपनीनेच शेव्हेलमध्ये ४५४ दिलं होतं, त्यातलं एलएस६ नावाचं तर ४५० हॉर्सपॉवरचं, काही कापावं लागत नाही. फ्रेमवरचे स्टँड मात्र बिग ब्लॉकचे घ्या. वजन ३०७ पेक्षा साधारण ५० किलो जास्त, सगळं पुढच्या चाकांवर, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदला, आणि पुढे ड्रम ब्रेक असतील तर आधी डिस्क बसवा मग इंजिन, याच्यावर मी कोणाशी वाद घालणार नाही. रेडिएटर मोठा, पंख्याला श्राउड, पेट्रोलची लाइन ३/८ ची. जुने एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बसत नाहीत. टर्बो ३५० ऐवजी टर्बो ४०० ट्रान्समिशन घालणार असाल तर ड्राइव्हशाफ्टचा योक (ट्रान्समिशनमध्ये घुसणारं टोक) २७ स्प्लाइनचा, म्हणजे २७ खाचांचा, चालत नाही, ३२ चा लागतो, क्रॉसमेंबर मागे सरकतो, शाफ्ट आखूड करावा लागतो, आणि किकडाउनला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडणं) वायर ओढावी लागते.

इंजिन ट्रान्समिशनला जोडायच्या आधी थांबा. प्लेटवर तुकडा आहे का? फोटो काढून ठेवा, नंतर शंका आली तर खालचं पत्र्याचं झाकण काढून रात्री टॉर्च मारत बसायला नको.

मग उतरवा, माउंट, वायरिंग, होज. फायरिंग ऑर्डर तीच, १-८-४-३-६-५-७-२.

सुरू करायच्या आधी ड्रिलने ऑइल पंप फिरवून प्रेशर येऊ द्या. फ्लॅट टॅपेट कॅम (टॅपेटला रोलर नसलेला) असेल तर झिंकवालं ऑइल, आणि सुरू झाल्या झाल्या २००० आरपीएमवर २० मिनिटं, आयडलला सोडू नका. पाणी, गळती, टायमिंग बघा. थरथर वाटली तर लगेच बंद करा, माउंट बसतील म्हणून वाट बघू नका, सरळ खाली जाऊन प्लेट बघा.