पीएचपीत ‘रिकामे’ नेमके कशाला म्हणायचे?

बडोद्यातल्या एखाद्या मराठी मंडळाचा सभासद-नोंदणीचा फॉर्म घ्या : नाव, मजला, पिनकोड, देणगी, फोटो. कारेलीबागेतले एक कुटुंब तळमजल्यावर राहते, म्हणून मजल्याच्या चौकटीत 0 लिहिते. फॉर्म म्हणतो, ‘मजला भरणे आवश्यक आहे.’ हा फॉर्म तपासणारा कोड पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या वेब-भाषेत आहे; त्यात पाहिले तर तिथे एम्प्टी, म्हणजे ‘किंमत रिकामी आहे का’ हे सांगणारे empty(), बसलेले असते.

एम्प्टीच्या लेखी रिकामे म्हणजे घोषितच न केलेले व्हेरिएबल, नल (null, ‘किंमतच नाही’), फॉल्स (false), 0, 0.0, रिकामी स्ट्रिंग (अक्षरांची माळ), रिकामा ॲरे (किमतींची यादी) आणि "0" ही एका अक्षराची स्ट्रिंग. फॉर्ममधला मजकूर स्ट्रिंग म्हणूनच येतो, त्यामुळे खरी गोची शेवटच्या नगाची. उलट "00", "0.0" आणि नुसती एक स्पेस एम्प्टीला भरलेली वाटते. तळमजलावाला अडकतो आणि नावाच्या जागी स्पेसबार दाबणारा सुटतो!

म्हणून तपासणी लिहिण्याआधी प्रत्येक चौकटीसाठी चार अवस्था वेगळ्या करा : किंमत आलीच नाही, नल आली, रिकामी स्ट्रिंग आली, शून्य आले. मजकुराची चौकट कोरी सोडली तर ब्राउझर रिकामी स्ट्रिंग पाठवतो. खूण न केलेला चेकबॉक्स मात्र काहीच पाठवत नाही. फोटो निवडला नाही तरी फाइल्सच्या ॲरेत ($_FILES) नोंद असतेच, तिथे एरर कोड 4 (फाइल आलीच नाही) आहे का ते पाहा. की, म्हणजे चौकटीचे नाव, आली होती का, हे ॲरे-की-एक्झिस्ट्सला (array_key_exists) विचारा. इझसेटला (isset) विचारू नका, कारण नल असलेली की त्याला दिसत नाही. माहिती दुरुस्तीच्या फॉर्मात हा फरक महागात पडतो : की नसेल तर जुना फोन नंबर राहू द्यायचा असतो, नल असेल तर पुसायचा असतो.

मजकूर तपासताना आधी इझ-स्ट्रिंग (is_string, स्ट्रिंगच आहे ना), मग ट्रिम (trim, टोकांच्या मोकळ्या जागा काढणे), आणि शेवटी === '' अशी किंमत व प्रकार दोन्ही पाहणारी तुलना, याच क्रमाने जा. पहिली पायरी गाळू नका. चौकटीच्या नावापुढे कुणी चौकोनी कंस जोडून पाठवले की स्ट्रिंगऐवजी ॲरे येतो आणि पीएचपी 8 मध्ये ट्रिम टाइपएरर (चुकीच्या प्रकाराची त्रुटी) फेकते.

साधे ट्रिम फक्त सहा अक्षरे काढते : स्पेस, टॅब, न्यूलाइन, कॅरेज रिटर्न, व्हर्टिकल टॅब आणि नल बाइट. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरातली नॉन-ब्रेकिंग स्पेस (ओळ तुटू न देणारी स्पेस) तशीच राहते. पीएचपी 8.4 असेल तर एमबी-ट्रिम (mb_trim) वापरा. त्याआधीच्या आवृत्तीत यू मॉडिफायर (युनिकोडची खूण) लावलेले प्रेग-रिप्लेस (preg_replace) चालते, पण युनिकोड बिघडलेला असेल तर ते नल परत देते, तेही पकडा. न दिसणारी अक्षरे सरसकट मात्र उडवू नका. ‘कऱ्हाडे’ या आडनावातला अर्धा र काही कीबोर्डांवर झिरो-विड्थ जॉइनरने लिहिला जातो. तो काढलात की आडनावाचे ‘कर्हाडे’ होते. साफसफाई दोन्ही टोकांपुरतीच.

आकड्यांसाठी फिल्टर-व्हार (filter_var) पूर्णांक तपासते आणि "0" ला 0 हे बरोबर उत्तर देते. त्याच्यापुढे उद्गारचिन्ह लावून ‘नाही’ विचारलेत की तळमजला पुन्हा बाहेर. === false हीच तुलना हवी. देवनागरी ० किंवा गुजराती अंकातले शून्य एम्प्टीला भरलेले वाटते, पण पूर्णांकाच्या फिल्टरला ते आकडाच वाटत नाही. बडोद्यात दोन्ही कीबोर्ड सर्रास चालतात, तेव्हा आधी अंक बदलून घ्या. पिनकोड आकडा मानू नका, 390001 ही सहा अंकांची स्ट्रिंग आहे.

देणगीसाठी ?? आणि ?: या, किंमत नसल्यास दुसरी वापरणाऱ्या खुणांत गल्लत नको. ?? फक्त नल किंवा नसलेली किंमत बदलते; ?: मात्र शून्यही बदलते, आणि ‘देणगी 0’ लिहिणाऱ्याच्या नावावर मूळ ठरवलेले 101 रुपये पडतात.

ऑब्जेक्टचे, म्हणजे क्लास या साच्यातून बनवलेल्या वस्तूचे, गणित वेगळे आहे. पीएचपी 5 पासून एकही प्रॉपर्टी (आतली किंमत) नसलेला ऑब्जेक्टसुद्धा एम्प्टीला भरलेलाच वाटतो (एक्सएमएल वाचणारे सिम्पलएक्सएमएल हा अपवाद). रिकामे {} जेसन-डीकोडमधून (json_decode, जेसन मजकूर वाचणारे फंक्शन) ऑब्जेक्ट म्हणून आले तर भरलेले, ॲरे म्हणून मागितले तर रिकामे. सभासदांची यादी कलेक्शन ऑब्जेक्टमध्ये असेल तर काउंट === 0 पाहा. एकच सभासद हवा असेल तर इन्स्टन्सऑफ (instanceof, तो त्याच क्लासचा आहे का).

पीडीओचे (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) फेच ओळ न सापडल्यास नल देत नाही, फॉल्स देते. त्यावर ?-> लावून निर्धास्त राहणाऱ्यांची फजिती होते, कारण 8.0 मध्ये आलेला तो ऑपरेटर फक्त नलवर थांबतो. फॉल्सवर मेथड बोलावली की सरळ एरर. डेटाबेसशी बोलणाऱ्या क्लासमध्येच फॉल्सचे नल करा आणि परतीचा टाइप ?सभासद (सभासद किंवा नल) ठेवा.

सर्वांत जास्त वेळ खाणारा घोळ मॅजिक मेथडचा, म्हणजे पीएचपी आपोआप बोलावते त्या मेथडचा. क्लासमध्ये __गेट (__get, थेट न मिळणारी प्रॉपर्टी वाचून देणारी) आहे पण __इझसेट (__isset, ती आहे का सांगणारी) नाही, अशा वेळी इको केल्यावर नाव छापले जाते, तरीही त्याच नावाला एम्प्टी रिकामे ठरवते. एम्प्टी आधी __इझसेटला विचारते; ते नसेल तर __गेटपर्यंत जातच नाही. __इझसेट लिहा, किंवा किंमत आधी साध्या व्हेरिएबलमध्ये घेऊन तपासा.

7.4 पासूनच्या टाइप दिलेल्या प्रॉपर्टीला किंमत दिलीच नसेल तर ती नल नसते; वाचायला गेलात की एरर. त्यावर इलाज एकच : सक्तीच्या किमती कन्स्ट्रक्टरमध्येच (ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमध्येच) मागा, तिथेच तपासा आणि न पटल्यास एक्सेप्शन फेका. अर्धवट सभासद तयारच झाला नाही की पुढे पन्नास ठिकाणी तो तपासत बसावे लागत नाही.

चाचणीत प्रत्येक चौकटीत हे टाकून बघा : काहीच न पाठवणे, नल, रिकामी स्ट्रिंग, तीन स्पेस, नॉन-ब्रेकिंग स्पेस, 0, ०, 00, एक ॲरे. आणि नावाच्या चौकटीत कऱ्हाडे, दोन्ही पद्धतींनी (थेट ऱ ने आणि जॉइनरने) टाइप करून.