चिखलातल्या शर्यतीला कोणते बूट?

इंदूरच्या आसपास पावसाळ्यात अडथळ्यांची चिखल-शर्यत पळणार असाल तर दंडबैठकांआधी बुटांकडे बघा. माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि तळाला अशी चिकटते की चार पावलांत बूट जड होतो. डांबरी रस्त्याचे सपाट तळाचे बूट इथे अजिबात नकोत. खोल आणि अंतराअंतरावर खुंट्या असलेले ट्रेल बूट (कच्च्या वाटेवर पळायचे) घ्या, त्यांतली माती पळताना बरीचशी झडते. नवे कोरे मात्र घालू नका. आधी इंदूरजवळच्या रालामंडल टेकडीच्या चढावर वापरून पायात बसू द्या.

मोजे सुती नकोत, ओले राहतात आणि टाचेला फोड येतात. नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा, नाहीतर जाळीखालून सरपटताना ती सुटते आणि बूट चिखलातच रुतून राहतो. दोरीला हात घालण्याआधी तळवे टी-शर्टच्या आतल्या बाजूला पुसा, बाहेरची बाजू माखलेलीच असते.

खरचटलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. धनुर्वाताची लस घेऊन ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना विचारा. बूट धुऊन, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा.